लाईट गेली तर विचारायचं कोणाला? महाराष्ट्रातली वीजटंचाई आणि जबाबदारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभेत, वीजग्राहकांच्या मेळाव्यात आणि एसटीच्या बाकावर मला गेली काही वर्षं जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एका जागी मांडले आहेत. मी मराठवाड्यातला. २००६ मध्ये बारावीला होतो. रात्री माळावर उभं राहिलं की लांबवर थर्मलच्या चिमण्यांवरचे लाल दिवे दिसायचे आणि घरी कंदिलाची काच पुसायचं काम माझ्याकडे असायचं. वीज इतक्या जवळ तयार होते आणि आपल्या घरात का नाही, हा माझा पहिला प्रश्न. बाकीचे लोकांनी विचारलेले आहेत.

वीज हा विषय केंद्राचा की राज्याचा?

दोघांचा. राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत ३८ व्या क्रमांकावर वीज आहे, त्यामुळे कायदा संसदही करू शकते आणि विधानसभाही. टंचाई आली की मुंबईचे नेते दिल्लीकडे आणि दिल्लीचे मुंबईकडे बोट दाखवतात, त्याची सोय इथेच झाली आहे.

कामाची वाटणी मात्र बऱ्यापैकी स्पष्ट आहे. कोळशाच्या बहुतेक खाणी, तो वाहून नेणारी रेल्वे, राष्ट्रीय ग्रिड (देशभरातल्या वीजवाहिन्यांचं जाळं) आणि एनटीपीसी ही वीजनिर्मिती कंपनी हे केंद्राकडे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, पारस, परळी, नाशिक इथले औष्णिक प्रकल्प चालवणारी महानिर्मिती, उच्चदाबाच्या वाहिन्या सांभाळणारी महापारेषण आणि घरापर्यंत वीज आणणारी महावितरण या तिन्ही कंपन्या राज्य सरकारच्या. ६ जून २००५ रोजी जुन्या वीज मंडळाचं विभाजन करून त्या केल्या गेल्या. दर ठरवतो राज्य वीज नियामक आयोग. तो स्वायत्त आहे, पण त्याच्या सदस्यांची नेमणूक राज्य सरकारच करतं आणि धोरणविषयक निर्देश देण्याचा अधिकारही कायद्याने सरकारकडे ठेवला आहे. तेव्हा दरवाढ झाली की "तो आयोगाचा निर्णय, आमचा काय संबंध" असं मंत्री म्हणतात ते अर्धंच खरं असतं.

मग लाईट गेल्यावर पहिलं काय विचारायचं?

लाईट कशामुळे गेली, हे. आपण सगळ्यालाच लोडशेडिंग म्हणतो आणि तिथेच फसतो.

डीपी (गावातला किंवा शेतातला ट्रान्सफॉर्मर) जळाली, तार तुटली, फ्यूज उडाला तर तो स्थानिक बिघाड. त्याची जबाबदारी महावितरणच्या उपविभागाची. त्यासाठी दिल्लीला किंवा मुख्यमंत्र्यांना शिव्या देऊन उपयोग नाही. वेळापत्रक लावून ठरावीक तास वीज बंद ठेवली, तर ते भारनियमन. त्यामागे मागणी आणि उपलब्धता यांचं चुकलेलं गणित असतं आणि ते गणित करणारे वर बसलेले असतात. तिसरा प्रकार तातडीच्या भारनियमनाचा. अचानक एखादा वीजनिर्मिती संच बंद पडला किंवा ग्रिडची वारंवारता घसरली, तर ऐरोलीच्या राज्य भार प्रेषण केंद्रातून निरोप येतो आणि उपकेंद्रातला ऑपरेटर फीडर, म्हणजे एका भागाला वीज पुरवणारी वाहिनी, बंद पाडतो. त्याच्या हातात त्या क्षणी दुसरा पर्याय नसतो.

उपकेंद्रात फोन करून "लाईट कधी येईल" एवढंच विचारू नका. "फॉल्ट आहे की वरून बंद केलंय" हेही विचारा. उत्तर मिळालं की तारीख आणि वेळ घालून वहीत लिहून ठेवा. अशा वह्यांचा पुढे फार उपयोग होतो.

२००५ नंतरच्या त्या भयंकर भारनियमनाला जबाबदार कोण?

त्या वर्षांत राज्यात मागणीच्या वेळी चार हजार मेगावॉटच्या पुढे तूट पडत होती. खेड्यांत दहा-बारा तास वीज नसणं हे रोजचं झालं होतं. पिठाच्या गिरणीसमोर डबे रांगेत लावून बायका घरी जायच्या आणि लाईट आली की पोरं ओरडत सुटायची. दळण रात्री दोनला मिळायचं. पिकं वाळली ती वेगळीच.

तेव्हा सरकार विलासराव देशमुखांचं होतं, म्हणून दोष त्यांना मिळाला. तो काही अंशी रास्तही होता, कारण १९९९ ते २००३ हेच मुख्यमंत्री होते. पण औष्णिक प्रकल्प उभा करायला जागा, पाणी, कोळशाचा करार, कर्ज आणि बांधकाम असं सगळं धरून सहा-आठ वर्षं लागतात. म्हणजे २००५ ची वीज १९९७-९८ मध्ये ठरायला हवी होती. चंद्रपूरचा सातवा संच १९९७ ला आला, खापरखेड्याचे दोन संच २००१ च्या सुमारास आले आणि त्यानंतर थेट २००७ पर्यंत राज्याच्या मालकीचा एकही नवा औष्णिक संच सुरू झाला नाही. मधल्या काळात पंपसेट वाढले, एमआयडीसी वाढल्या, घरोघरी टीव्ही-फ्रीज आले. युतीची साडेचार वर्षं आणि आघाडीची पहिली पाच वर्षं या दोन्हींचा हिशेब त्या अंधारात होता.

ज्या वर्षी लाईट जाते त्या वर्षीच्या मंत्र्यालाच धरणं म्हणून अपुरं पडतं. त्याला विचारायचा प्रश्न वेगळा असतो: तूट आल्यावर तिची वाटणी कशी केलीस, आणि तुझ्या काळात पुढच्या दहा वर्षांसाठी काय सुरू केलंस?

एन्रॉनचा या सगळ्याशी काय संबंध?

फार जवळचा. नव्वदच्या दशकात "वीज येणारच आहे" या भरवशावर राज्य बसून राहिलं, आणि तो भरवसा गुहागर तालुक्यातल्या दाभोळ प्रकल्पाचा होता.

आता नावं आणि तारखा पाहा. जून १९९२ मध्ये एन्रॉन आणि वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला, तेव्हा मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक. १९९३ मध्ये जागतिक बँकेने हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही म्हणून कर्ज नाकारलं. तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. मुख्यमंत्री शरद पवार. पुढच्या वर्षी केंद्रातल्या नरसिंह राव सरकारने प्रतिहमी दिली, म्हणजे राज्याने पैसे थकवले तर केंद्र भरेल अशी हमी. १९९५ च्या निवडणुकीत एन्रॉन अरबी समुद्रात बुडवण्याची घोषणा गाजली, युती सत्तेवर आली, उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने अहवाल दिला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये मनोहर जोशी सरकारने करार रद्द केला. नोव्हेंबरात कंपनीच्या रिबेका मार्क बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. १९९६ मध्ये त्याच सरकारने नव्याने वाटाघाटी करून प्रकल्प परत आणला आणि तोही मोठा करून, दोन्ही टप्पे मिळून २,१८४ मेगावॉटचा. केंद्रातल्या वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारने प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केलं. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला तेव्हा मुख्यमंत्री नारायण राणे. बिलं थकली आणि मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला तेव्हा विलासराव देशमुख.

या कागदावर सही नसलेला मोठा पक्ष राज्यात शोधून सापडत नाही. मला याची चीड येते ती यासाठी, की आजही प्रत्येक पक्ष या यादीतलं एकच पान वाचून दाखवतो.

करारात खोट कुठे होती तेही सांगतो, कारण तशाच अटी आजच्या करारांतही सापडतात. वीज घ्या किंवा घेऊ नका, क्षमतेचे पैसे द्यावेच लागणार होते. हिशेब डॉलरमध्ये, इंधन महागडं नाफ्था (खनिज तेलापासून निघणारं). रुपया घसरला की बिल वाढायचं, नाफ्था महागला की बिल वाढायचं आणि मंडळाने वीज कमी उचलली की प्रतियुनिट दर आणखी वर जायचा. काही महिन्यांत तो सात रुपयांच्या पुढे गेला. मंडळाची स्वतःची औष्णिक वीज त्याच्या तुलनेत किती तरी स्वस्त होती. मंडळाचा जो पैसा नव्या संचांत जायला हवा होता, तो इथे अडकला.

डिसेंबर २००१ मध्ये एन्रॉन अमेरिकेत दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल ही सरकारी वायू कंपनी यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी काढली गेली. प्रकल्प पुन्हा चालला, मग कृष्णा-गोदावरी खोऱ्यातला वायू आटला आणि २०१३ मध्ये तो पुन्हा थंडावला. त्यानंतर २०१५ च्या अखेरीस रेल्वेसाठी काही भाग सुरू केला. वेलदूर, अंजनवेल, रानवीच्या ज्या गावकऱ्यांनी सुरुवातीपासून विरोध करून लाठ्या आणि तुरुंग सोसला, त्यांचं म्हणणं आकड्यांनी खरं ठरवलं. त्यांची माफी मागितलेली माझ्या ऐकण्यात नाही.

एन्रॉनबद्दल कोणाला शिक्षा झाली का?

नाही. मंडळाचे माजी अध्यक्ष आणि माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने २००१ मध्ये सविस्तर अहवाल दिला, निर्णयप्रक्रियेतले दोष दाखवले, न्यायिक चौकशीचा मार्ग सुचवला. न्या. कुर्डुकर आयोग नेमला गेला. केंद्राने आक्षेप घेतला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि आयोगाचं काम थांबलं. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने, इतका काळ लोटल्यावर आता यात जाण्यात अर्थ नाही म्हणून, ते प्रकरण बंद केलं. करारापासून मोजलं तर पंचवीस वर्षं.

२००४ ची मोफत वीज हे कारण होतं का?

हेच एक कारण नव्हतं. पण जबाबदारीचा धडा म्हणून ते प्रकरण लक्षात ठेवावं. विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे सरकारने शेतकऱ्यांना मोफत वीज जाहीर केली. निवडणूक जिंकली, विलासराव मुख्यमंत्री झाले आणि २००५ मध्ये ती बंद केली. दोन्ही निर्णय एकाच आघाडीचे. शेतकऱ्याच्या वाट्याला आला तो संशय: आता बिल भरायचं की पुन्हा माफ होणार? त्या काळानंतर आमच्या गावात नियमित भरणारेही थांबले. ते बेइमान नव्हते. भरणारा माणूस वेडा ठरतो, हे त्यांनी पाहिलं होतं.

जुलै २०२४ मध्ये पुन्हा विधानसभेच्या आधी साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या सुमारे ४४ लाख कृषिपंपांना मोफत वीज जाहीर झाली, मार्च २०२९ पर्यंत. यावेळी विचारायचा प्रश्न सोपा आहे. वीज कायदा २००३ चं कलम ६५ सांगतं की सरकारला कोणाला सवलत द्यायची असेल तर तिचे पैसे वितरण कंपनीला आगाऊ द्यावेत. ते वेळेवर जातात का? आमदाराला हे विचारा. अनुदान थकलं की महावितरण महानिर्मितीचे पैसे थकवते, महानिर्मिती कोळशाचे थकवते आणि मग कोळसा कमी आला म्हणून दिल्लीच्या नावाने ओरड होते. साखळी अशी फिरते.

शेतकरी आकडे टाकतात, बिलं भरत नाहीत, म्हणून लोडशेडिंग होतं. हे खरं ना?

शहरातल्या मंडळींकडून हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

आकडे पडतात. थकबाकीही आहे, ती हजारो कोटींत आहे. हे नाकारून चालणार नाही. पण हिशेबाच्या आत शिरलं की चित्र बदलतं. लाखो पंपांना मीटरच नाहीत, त्यांचं बिल अश्वशक्तीवर निघतं. ज्यांना मीटर आहेत त्यांच्याकडेही रीडिंग न घेता सरासरी टाकली जाते. त्यामुळे शेतीने किती वीज वापरली हा आकडा मोजलेला कमी आणि अंदाजाचा जास्त. तीन अश्वशक्तीच्या पंपावर पाचचं बिल येतं अशी तक्रार विहिरीगणिक ऐकू येते. नियामक आयोगाने नेमलेल्या कार्यगटाने २०२० मध्ये अभ्यास करून शेतीचा वापर फुगवून दाखवला जातो असा निष्कर्ष काढला. पुण्याचा प्रयास ऊर्जा गट आणि इचलकरंजीची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना हेच कितीतरी वर्षं सांगत होते.

फुगवल्याने काय होतं? चोरी आणि गळती (वाटेत वाया जाणारी वीज) शेतीच्या नावाखाली झाकली जाते. गळती कमी दिसते, सरकारकडून अनुदान जास्त मागता येतं, शेतकऱ्याच्या नावावर न वापरलेल्या विजेची थकबाकी चढत जाते आणि त्याच थकबाकीवरून त्याला चोर म्हटलं जातं. मला हा अन्याय वाटतो, साधी चूक नाही.

शिवाय शेतकऱ्याला वीज कधी मिळते ते बघा. आठवड्याच्या पाळीने कधी दिवसा, कधी रात्री, आठ-दहा तास. रात्रीच्या पाळीत ऊस भिजवायला गेलेल्या माणसाच्या पायाखाली साप असतो आणि पश्चिम महाराष्ट्रात, नगर-नाशिककडे उसात बिबट्या असतो. २०२२ च्या फेब्रुवारीत राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी संघटनेने कोल्हापुरात महावितरणसमोर मुक्काम ठोकला तो दिवसा दहा तास विजेसाठी. रात्रीच्या विजेत सवलत कसली, ती तर कोणाला नको असलेली उरलेली वीज. दिवसा सौर फीडरवरून वीज देण्याची योजना २०१७ पासून सुरू आहे. जिथे ती खरोखर चालू झाली, तिथे माणसं रात्री झोपू लागली. तिच्या श्रेयासाठी पक्ष भांडले तरी माझी हरकत नाही.

गळती जास्त तिथे भारनियमन जास्त. हे न्याय्य आहे का?

आयोगाच्या मान्यतेने फीडरचे गट पाडले गेले: ए, बी, सी असं करत शेवटी जी-१, जी-२, जी-३. वसुली चांगली, गळती कमी तर वरचा गट आणि थोडे तास. उलट असेल तर खालचा गट आणि अंधार जास्त. यामागचा विचार समजण्यासारखा आहे, कारण त्या काळी महावितरणची गळती तीस टक्क्यांच्या आसपास होती आणि काहीतरी धाक हवा होता. पुढे ती बरीच खाली आली, हेही खरं.

पण फीडरवर हजार-दोन हजार ग्राहक असतात. दर महिन्याला पोस्टात रांग लावून बिल भरणारी विधवा आणि आकडा टाकून वेल्डिंगचं दुकान चालवणारा दोघांनाही सारखीच शिक्षा. आकडा टाकणाऱ्याला कोणाचा आशीर्वाद असतो हे गावात सगळ्यांना माहीत असतं. त्याच्यावर कारवाई करायला गेलेल्या अभियंत्याला फोन येतो. त्या फोनवरच्या माणसाला जी-३ गटात टाकण्याची सोय मात्र कुठल्याच आदेशात नव्हती.

मुंबई-पुण्यात लाईट जात नव्हती, आमचीच का?

मुंबईची कारणं जुनी आहेत. टाटांची वीज, स्वतंत्र वितरण कंपन्या, बेस्ट, आणि ग्रिड पडलं तर शहर वेगळं काढून चालू ठेवण्याची व्यवस्था. पुण्याने २००६ मध्ये वेगळा मार्ग काढला: उद्योगांनी आपले जनरेटर चालवायचे, त्याने वाचलेली वीज शहराला आणि त्याचा जादा खर्च ग्राहकांनी आकार म्हणून भरायचा. आयोगाने मान्यता दिली आणि शहर भारनियमनमुक्त झालं. पुणेकरांनी पैसे मोजले, हे मान्य. पण पैसे मोजून अंधारातून बाहेर पडण्याची संधी जव्हारला किंवा जिंतूरला नव्हती. राज्याची तूट एकच असताना ती कोणी सोसायची हा राजकीय निर्णय असतो, आणि तो तांत्रिक भाषेत घेतला की कोणी मोर्चा काढत नाही.

गावांनी आपल्या परीने खूप केलं, ते विसरलं गेलं. अक्षय प्रकाश योजनेत कितीतरी गावांनी ठराव करून संध्याकाळी पंप बंद ठेवले, म्हणजे घरात दिवा राहील. पुढे गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे केले गेले आणि खेड्यांतली संध्याकाळ परत आली. त्याआधी घरातल्या दिव्यांपुरती सिंगल फेज वीज मिळायची, तिच्यावर मोटार चालवायला लोकांनी कंडेन्सर लावले आणि डीपी जळाल्या, तोही इतिहास आहे.

२०१२ मध्ये राज्य भारनियमनमुक्त झालं होतं ना?

ऊर्जामंत्री म्हणून अजित पवार यांनी डिसेंबर २०१२ ची मुदत दिली होती. नवे संच आले, खाजगी वीज आली आणि राज्याचा बराच भाग मुक्त झाला, हे श्रेय द्यायला हवं. पण व्याख्येत एक अट होती. जास्त गळतीच्या फीडरवर भारनियमन चालूच राहिलं आणि शेतीची आठ-दहा तासांची पाळी त्यात मोजलीच नाही. ज्याच्या घरी अंधार होता त्याने पेपरात वाचलं की राज्य मुक्त झालं. त्याच सुमारास दुष्काळ पडला आणि २०१३ च्या फेब्रुवारीत पाण्याअभावी परळीचं वीजकेंद्र बंद ठेवावं लागलं, २०१५ मध्ये पुन्हा.

२०१२ मध्येच देशाचं ग्रिड पडलं तेव्हा मंत्री महाराष्ट्राचेच होते. त्यांची जबाबदारी होती का?

३० आणि ३१ जुलै २०१२. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातल्या साठ कोटींच्या आसपास लोकांची वीज गेली. बिना-ग्वाल्हेर ही ४०० केव्हीची वाहिनी पहिल्यांदा सुटली. काही राज्यं वाट्यापेक्षा जास्त वीज ओढत होती आणि त्यांना आवरणाऱ्या यंत्रणेचं कोणी ऐकत नव्हतं. केंद्रीय ऊर्जामंत्री सुशीलकुमार शिंदे यांच्याकडे त्याच ३१ तारखेला गृहखातं आलं. फेरबदल आधी ठरला असेलही. पण देश अंधारात असताना खात्याच्या प्रमुखाला बढती मिळते, हे दृश्य लोकांच्या मनातून गेलेलं नाही, आणि जावं असं मलाही वाटत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई बंद पडली तो घातपात होता का?

त्या सकाळी कळवा-पडघा भागातल्या ४०० केव्हीच्या वाहिन्यांपैकी काही आधीच बंद होत्या, उरलेल्यांवर भार आला, त्या सुटल्या आणि मुंबई वेगळी काढण्याची व्यवस्थाही टिकली नाही. ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घातपाताची शंका बोलून दाखवली. मार्च २०२१ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राच्या बातमीनंतर गृहमंत्री अनिल देशमुख सायबर हल्ल्याबद्दल बोलले. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी ती मानवी चूक असल्याचं सांगितलं. परका शत्रू मिळाला की देखभाल कोणी लांबवली हा प्रश्न मागे पडतो. लोकल बंद, रुग्णालयं जनरेटरवर, ऑनलाइन परीक्षा रद्द, असा तो दिवस होता. आपल्याला मंत्र्यांच्या शंका नकोत, तपासाचे कागद हवेत.

२०२१-२२ च्या कोळसाटंचाईत केंद्र खरं होतं की राज्य?

दोघंही आपल्यापुरतं खरं सांगत होते, म्हणून लोकांचा गोंधळ झाला.

ऑक्टोबर २०२१ मध्ये कोळशाअभावी राज्याला वीज देणारे ३,३३० मेगावॉटचे १३ संच बंद पडले आणि महावितरणने सकाळ-संध्याकाळ सहा ते दहा वीज जपून वापरा असं आवाहन केलं. केंद्राचे मंत्री म्हणत होते, टंचाईची भीती उगाच आहे. एप्रिल २०२२ मध्ये उन्हाळा लवकर तापला, मागणी विक्रमी झाली आणि भारनियमन परत आलं. राऊत म्हणाले, कोळसा मिळत नाही आणि रेल्वे रेक, म्हणजे कोळशाच्या मालगाड्या, देत नाही. केंद्र आणि राज्यातले विरोधक म्हणाले, महानिर्मितीने कोल इंडियाचे पैसे थकवले आणि पावसाळ्याआधी साठा केला नाही.

रेक कमी होते हे खरं, कारण कोळशाला वाट द्यायला रेल्वेने प्रवासी गाड्या रद्द केल्या. केंद्राला सगळं सुरळीत वाटत असतं तर ही वेळ आली नसती. आणि साठा नव्हता हेही खरं. खाणीपासून दूरच्या केंद्रांनी वीस ते सव्वीस दिवसांचा कोळसा ठेवावा असा नियम, आणि आपल्याकडे काही केंद्रांत दोन-चार दिवसांचा. पैसे का थकले? महावितरणची वसुली अडकली होती, आणि थकबाकीदारांत ग्रामपंचायतींचे पथदिवे आणि पाणीयोजनाही होत्या. म्हणजे सरकारचंच एक खातं दुसऱ्या खात्याचं देणं लागत होतं. शेवटी मंत्रिमंडळाने गुजरातमधल्या मुंद्र्याच्या प्रकल्पातून ७६० मेगावॉट वीज घ्यायला मंजुरी दिली आणि मे महिन्यात केंद्राने आयात कोळशाचे प्रकल्प चालवण्याचे आदेश काढले. दोन्हींचा खर्च ग्राहकांच्या बिलात इंधन समायोजन आकार म्हणून आला. भांडण त्यांचं, पैसे तुमचे-माझे.

विदर्भात वीज तयार होते, राख आम्हाला आणि लाईट दुसऱ्यांना, असं का?

कोळसा तिथे आहे म्हणून केंद्रं तिथे. चंद्रपूरचं एकटं केंद्र २,९२० मेगावॉटचं. विजेला जिल्ह्याची हद्द नसते, ती ग्रिडमध्ये जाते, हे तांत्रिक उत्तर बरोबर आहे. पण कोराडी-खापरखेड्याच्या राखेने शेतं आणि नाले खराब झाले, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात लोक धूर गिळतात, आणि त्यांनाही भारनियमन मिळालं. या तक्रारीला ग्रिडची आकृती दाखवणं हे उत्तर होऊ शकत नाही. नुकसान सोसणाऱ्याला दरात किंवा तासांत झुकतं माप द्यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

वायरमनला जाब विचारायचा की नाही?

विचारायचा, पण त्याच्या कामाचा. भर पावसात खांबावर चढणारा हा माणूस बऱ्याच ठिकाणी कंत्राटी असतो, आणि खांबावर जीव गेलेल्यांची पोरं मी पाहिली आहेत. भारनियमनाचं वेळापत्रक त्याने केलेलं नाही. उपकेंद्राची काच फोडली की गुन्हा तुमच्यावर होतो आणि ज्याने करार केला, अनुदान थकवलं, देखभाल लांबवली तो निवांत राहतो.

आमची डीपी जळून पंधरा दिवस झाले, "वर्गणी काढा" म्हणतात. काय करू?

वर्गणी काढू नका. आम्ही काढली होती. आमच्या विहिरीवरच्या डीपीसाठी दर घरी पाचशे रुपये आणि ट्रॅक्टरचं डिझेल दिलं, पावती मिळाली नाही, आणि पुढच्या वेळी तोच रिवाज झाला. ट्रान्सफॉर्मर बदलणं, नेणं-आणणं हे वितरण कंपनीचं काम आहे. आयोगाच्या कृतिमानकांनुसार ग्रामीण भागात तो ४८ तासांत बदलायचा असतो आणि उशीर झाला तर ग्राहकाला भरपाई मागता येते. आधी १९१२ या फोन क्रमांकावर तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. मग लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. वकील लागत नाही.

थकबाकीसाठी वीज तोडायची तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस कलम ५६ ने बंधनकारक आहे. एका पंपाची थकबाकी म्हणून सगळी डीपी बंद केली, तर भरणाऱ्या ग्राहकांनी त्याच दिवशी बिलाच्या पावत्या जोडून अर्ज द्यावा. आमच्या शेजारच्या वस्तीत सात जणांनी असा अर्ज दिला, सोबत वही जोडली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारी चालू झाल्या.